एकाच कारणाचा हट्ट

घरात काही विपरीत घडले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘आता काय करायचे’ हा नसतो, ‘कुणामुळे झाले’ हा असतो. धंदा बसला, गर्भ पडला, मुलगा नापास झाला, सून माहेरी निघून गेली, की भेटायला आलेले पाहुणे चहा संपायच्या आत कारण सांगून मोकळे होतात. ते कारण बहुधा एकच असते, कुणाच्या तरी माथी बसणारे असते आणि तपासायची सोय नसलेले असते. शनी, पितर, पांढऱ्या पायांची सून, मागच्या जन्मीचे पाप. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तेव्हापासून या सवयीवर मराठीत कोरडे ओढले जात आहेत आणि ती सवय मजेत आहे. तेच कोरडे मला पुन्हा ओढायचे नाहीत. मला एका आजाराबद्दल बोलायचे आहे. घडलेल्या गोष्टीचे कारण लावणे, ही आपण दिवसातून शेकडो वेळा नकळत करत असलेली क्रियाच त्या आजारात दुखावलेली असते. आणि त्या रुग्णाविषयी आपण निरोगी म्हणवणारे लोक बोलू लागलो, की आपण दिलेली कारणे त्याच्या कारणांइतकीच एकांगी निघतात. त्याच्यावर उपचार होतो, आपल्यावर होत नाही.

बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे त्या आजाराचे नाव. मराठीत त्याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात, पण दवाखान्यात आणि घरात सर्रास ‘बॉर्डरलाइन’ एवढेच म्हटले जाते. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली अशा रुग्णांचा एक गट वर्णिला. नेहमीच्या मनोविश्लेषणाने ते बरे होत नव्हते आणि त्यांना वेड्यांत धरावे असेही त्यांच्यात काही नव्हते. पुढची चाळीस वर्षे हे नाव सैलपणे वापरले गेले. १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला अधिकृत जागा मिळाली. तिथे आज नऊ लक्षणे दिली आहेत आणि त्यांतली किमान पाच दिसली तर निदान होते. कुणी आपल्याला सोडून जाईल ही जीवघेणी भीती, तासातासाला पालटणाऱ्या भावना, आज देव आणि उद्या दानव असा नात्यांतला हेलकावा, आपण नेमके कोण आहोत याची अस्थिर जाणीव, रितेपण, स्वतःला इजा करून घेणे ही त्यांतली ठळक लक्षणे. शंभर माणसांत एखाद-दोघांना हा आजार असतो, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या सांगतात. म्हणजे तुमच्या सोसायटीत, कार्यालयात, नात्यात कुणीतरी आहे. दवाखान्यात स्त्रिया अधिक दिसतात. पण अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या लोकसंख्या-पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखेच आले. पुरुष मग कुठे जातात? त्यांना ‘तापट’ म्हणतात, ते दारूच्या गुत्त्यावर सापडतात किंवा पोलीस ठाण्यात.

आता कारणांकडे येऊ. भाऊबीजेची संध्याकाळ आहे असे समजा. भाऊ पुण्याहून साताऱ्याला यायचा आहे. ओवाळणीचे ताट तयार आहे. सहाला येतो म्हणाला होता, सात वाजून गेले, फोन लागत नाही. सर्वसाधारण बहीण चिडते, काळजी करते आणि खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या असतील, असे स्वतःला समजावते. आपण जिच्याविषयी बोलतो आहोत तिच्या मनात पहिल्या दहा मिनिटांत ‘वहिनीने अडवले’ हे पक्के होते. पुढच्या दहा मिनिटांत ‘त्याला मी कधी नकोच होते’ हे पक्के होते. आठ वाजेपर्यंत ‘मीच अशी आहे की माझ्यापाशी कुणी टिकत नाही’ इथपर्यंत गाडी येते, आणि हा मुक्काम सर्वांत धोक्याचा. साडेआठला भाऊ दारात उभा. घाटात अडकला होता, फोनची बॅटरी संपली होती. एक तर ती आनंदाने अशी उजळते की जगात असा भाऊ नाही, नाहीतर ताट भिरकावले जाते आणि कार्यक्रम तिथेच संपतो. भाऊ गोंधळतो, वहिनी दुखावते, सासू म्हणते, ‘नाटकं आहेत सगळी’.

नाटके नाहीत. तिच्या मनातली तीन कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. तरी ज्या क्षणी जे कारण मनात असते त्या क्षणी तेच तिच्यापुरते पूर्ण सत्य असते. गेल्या वर्षी हाच भाऊ तिच्या आजारपणात आठवडाभर येऊन राहिला होता, हा पुरावा त्या क्षणी तिच्या हाताशीच नसतो. आपण समजतो की माणूस आधी कारण शोधतो आणि मग त्यानुसार त्याला वाटू लागते. पुष्कळदा क्रम उलटा असतो. आधी वाटते, आणि त्या वाटण्याला शोभेल असे कारण मन शोधून आणते. तुमच्या-माझ्याबाबतही हेच घडते. पण आपल्या भावनेच्या कडेला थोडी रिकामी जागा शिल्लक असते आणि तिथे ‘कदाचित’ हा शब्द उभा राहू शकतो. या आजारात भावनेचा लोंढा इतक्या लवकर आणि इतका मोठा येतो, ओसरायला इतका वेळ घेतो, की ती जागाच बुडते.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. जर्मनीत हाम्बुर्गचे स्टेफन मोरित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना रोजच्या जीवनातले बरेवाईट प्रसंग देऊन कारणे विचारली. इतरांपेक्षा या रुग्णांचा कल एकच एक कारण धरण्याकडे आणि वाईट घटनेचे खापर स्वतःवर फोडण्याकडे अधिक दिसला. येल विद्यापीठातल्या २००३ सालच्या अभ्यासात चेहऱ्यांची चित्रे दाखवताना रुग्णांच्या मेंदूतला धोका हेरणारा अमिग्डाला हा भाग इतरांपेक्षा जास्त पेटलेला आढळला. नंतर विचारता, काही रुग्णांना ज्या चेहऱ्यावर काहीच भाव नव्हता तोही धमकावणारा वाटला होता.

मला सर्वांत बोलका वाटतो तो चेंडूचा खेळ. संगणकाच्या पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यांतले तुम्ही एक, आणि उरलेले दोन म्हणजे खरे तर संगणकच. कधी तुम्हाला बरोबरीने चेंडू मिळतो, कधी दोन-चार फेकींनंतर कुणी तुमच्याकडे टाकतच नाही. वगळले गेले की सगळ्यांनाच वाईट वाटते. मानसशास्त्रज्ञांनी हा खेळ त्यासाठीच रचला. जर्मन संशोधकांनी २०११ साली तो या रुग्णांना खेळायला दिला, तेव्हा चेंडू बरोबरीने मिळत असतानाही त्यांना आपण वगळले जात आहोत असे इतरांपेक्षा जास्त वाटले. खेळात अन्याय होतच नव्हता. तरी वेदना खरी होती. ‘तुला कुठे वगळले, मोजून बघ!’ असे त्या क्षणी सांगणारा माणूस हिशेबात बरोबर आहे. पण त्याला समोरच्याचे काहीच कळलेले नाही.

या आजाराविषयीचा सर्वांत मोठा गैरसमजही इथेच दूर करू. ‘हे लोक नेहमी दुसऱ्याला दोष देतात’ असे सर्रास बोलले जाते. दोष देतात, हे खरे. घरच्यांना त्याची झळ लागते हेही खरे. पण दुसऱ्याला दिलेला दोष ऐकू येतो आणि स्वतःला दिलेला दोष ऐकू येत नाही. तो मनगटावर, मांडीवर, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांखाली असतो. आठ ते दहा टक्के रुग्ण आत्महत्येने जातात, असा अंदाज पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे दिला गेला. पुढच्या पाहण्यांत आकडा कमी आला, तरी सर्वसाधारण माणसापेक्षा तो कितीतरी पट अधिकच आहे. स्वतःचे नाव कारण म्हणून इतक्या कठोरपणे लिहिणाऱ्या माणसाला ‘आपमतलबी’ म्हणणे म्हणजे वस्तुस्थितीशी उघड वैर आहे.

तर रुग्णाचे कारण असे असते: एकच, पूर्ण, ताबडतोब सापडलेले, आणि पुराव्याने न हलणारे. आता याच मुलीविषयी तिच्या घरात, गल्लीत, कार्यालयात दिली जाणारी कारणे ऐका. गुरुजी म्हणतात, राहूची दशा आहे. आत्या म्हणते, बाहेरचे काहीतरी आहे, अमक्या ठिकाणी नेऊन आणा. शेजारीण म्हणते, एकुलती एक, लाडावून ठेवली. सासर म्हणते, माहेरचे संस्कार. माहेर म्हणते, सासरचा छळ. यांतले कोणते कारण दुसऱ्याला जागा देते? कोणते तपासता येते? दशा संपली आणि मुलगी बरी झाली नाही, तर गुरुजी पत्रिका चुकली असे म्हणत नाहीत, पुढची शांत सांगतात. रुग्णाच्या बाबतीत याच गोष्टीला आपण ‘पुराव्याने न हलणारा समज’ म्हणतो आणि फाइलमध्ये लिहितो. गुरुजींच्या बाबतीत तिला परंपरा म्हणतो आणि दक्षिणा देतो.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. सामान्य माणसाची भाबडी समजूत आणि एका दुर्धर आजाराचे लक्षण यांची सांगड घालणे ही लेखकाची सोयीस्कर कसरत नाही का? दोन्ही एक नाहीत, हे मी आधीच मान्य करतो. शांत करून घेणारी आत्या रात्रभर तळमळत नाही, तिचा जीव धोक्यात नसतो, आणि उद्या दुसऱ्या कुणी वेगळे कारण सांगितले तर ती दोन्ही कारणे सुखाने बाळगू शकते. आजार हा आजारच आहे. त्यात जनुकांचा वाटा आहे, मेंदूचा आहे, त्याला उपचार लागतो. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या समाजात एकच कारण धरून बसणे ही प्रतिष्ठित रीत आहे, त्या समाजात या आजाराच्या माणसाला दुसरे कारण शोधायला शिकवणार कोण? घरात त्याने ते कुणाला करताना पाहिलेले असते?

अंधश्रद्धाळूंना झोडपून सुशिक्षित वाचक सुटतो, अशी आपल्या प्रबोधनपर लेखांची एक जुनी खोड आहे. म्हणून आता सुशिक्षितांकडे वळू, आणि थेट डॉक्टरांपासून सुरुवात करू. १९८८ साली ब्रिटनमध्ये ग्लिन लुइस आणि लुई ॲपलबी या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्याच व्यवसायबंधूंची परीक्षा घेतली. त्यांनी एका रुग्णाची छोटी हकीकत लिहून अनेक तज्ज्ञांना पाठवली आणि मत विचारले. हकीकत तीच, लक्षणे तीच. फक्त काही प्रतींत, या रुग्णाला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाले होते, एवढी माहिती जास्त होती. त्या प्रती वाचणाऱ्या तज्ज्ञांना तोच रुग्ण अधिक त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा, डाव खेळणारा आणि मदतीला कमी पात्र वाटला. म्हणजे एक शब्द वाचला आणि त्याने बाकी साऱ्या मजकुराचे कारण पुरवले. रडला? डाव. गोळ्या मागितल्या? डाव. मरावेसे वाटते म्हणाला? मोठा डाव. पत्रिकेतला राहू याहून वेगळे काय करतो?

आणि हल्ली तर निदान करायला डॉक्टरही लागत नाही. प्रेम मोडले की समोरचा ‘टॉक्सिक’, बॉस ओरडला की ‘नार्सिसिस्ट’, बायकोशी पटत नाही तर ‘ती बॉर्डरलाइन आहे, मी वाचलंय’. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची दोन चित्रणे पाहून आपण माणसाच्या दहा वर्षांचे कारण सांगतो. पूर्वी यासाठी निदान पंचांग तरी उघडावे लागे.

कारणांचा हा लोभ खुद्द शास्त्रालाही सुटलेला नाही. एक काळ असा होता की प्रत्येक मनोविकाराच्या मुळाशी आई सापडत असे: अतिथंड आई, अतिप्रेमळ आई, दुटप्पी बोलणारी आई. मग लहानपणच्या अत्याचारांकडे लक्ष गेले, आणि ते जायलाच हवे होते, कारण या रुग्णांपैकी पुष्कळांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घोर दुर्लक्ष आढळते. पण पुष्कळ म्हणजे सगळे नाहीत, आणि तसे सोसलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार होतही नाही. जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे फक्त आई नाही, फक्त अत्याचार नाही, फक्त जनुके नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची मांडणी मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. काही मुले जन्मतःच भावनेने तीव्र असतात. अशा मुलाला असे घर मिळाले की जिथे त्याच्या वाटण्याला सतत खोटे पाडले जाते, तर दोन्ही बाजू एकमेकींना वर्षानुवर्षे बिघडवत नेतात. मूल ‘लागलं’ म्हणते, घर म्हणते ‘काही लागलेलं नाही, ऊठ’. मूल मोठ्याने ओरडते, तेव्हा घर धावते. मूल एकच धडा शिकते, की हळू बोललेले इथे ऐकले जात नाही. या घरात कुणी खलनायक लागत नाही. रडणाऱ्या मुलग्याला ‘बायकांसारखा रडू नकोस’ म्हणणारे आणि चिडलेल्या मुलीला ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ म्हणणारे प्रेमळ आईवडीलही हे काम चोख करतात. तीव्र स्वभावाचे मूल घरात नसेल तर ते निभावूनही जाते.

लिनेहान यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिल्या. स्वतःला जखमा करत, भिंतीवर डोके आपटत. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि अशाच रुग्णांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही पद्धत घडवली. तिची पहिली महत्त्वाची चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. स्वतःच्या आजाराची गोष्ट मात्र त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितली, त्याच हार्टफर्डच्या संस्थेत उभे राहून. जगभर मान्यता पावलेल्या बाईला एवढी वर्षे गप्प राहणे शहाणपणाचे वाटले, यावरून या नावाला चिकटलेला कलंक केवढा असेल याचा अंदाज यावा.

आता सर्वांत अवघड भाग. रुग्णाची कारणे भावनेने रंगलेली असतात हे एकदा शास्त्राने सांगितले, की आपल्या हाती एक भयंकर सोय येते. ती काहीही म्हणाली की ‘आजार बोलतोय’ म्हणायचे आणि विषय संपवायचा. तिने काकाचे नाव घेतले, आजार. नवरा मारतो म्हणाली, आजार. वरिष्ठ छेड काढतात म्हणाली, तेव्हा तर कार्यालय आनंदाने तिचा औषधाचा कागद शोधू लागते. आणि ज्या माणसांच्या बालपणात अत्याचाराचे प्रमाण इतके आढळते, त्यांचीच साक्ष आपण सर्वांत आधी रद्दीत टाकतो! ज्याचा आजार खोटे ठरवले जाण्यातून वाढला, त्याला आजाराच्या नावाने पुन्हा खोटे ठरवायचे, यापेक्षा क्रूर गोष्ट सहज सुचणार नाही. भावना तीव्र असते म्हणून घटना खोटी ठरत नाही, आणि तीव्र असते म्हणून खरीही ठरत नाही. घटना वेगळी तपासावी लागते. याला कष्ट पडतात, म्हणूनच नावावर भागवले जाते. निदान न्यायालयाने तरी हे ओळखले आहे. मानसिक आजाराच्या कारणावरून मागितलेल्या घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले, की आजाराला नाव आहे एवढ्याने भागत नाही. त्याची तीव्रता किती आणि त्याने सहजीवन खरोखर अशक्य झाले आहे का, हे पुराव्याने दाखवावे लागते. निव्वळ नावावर निकाल द्यायला न्यायाधीश नकार देतात. दिवाणखान्यात आपण तो रोज देतो.

‘मग घरच्यांनी काय सगळेच सोसायचे? हिने ताट फेकायचे आणि आम्ही समजून घ्यायचे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला मी निष्ठुर म्हणणार नाही. या आजाराच्या माणसाबरोबर राहणे थकवणारे असते. रात्री दोनला येणारा फोन, धमकी, मग माफी, मग पुन्हा धमकी. चांगल्या माणसांचीही यात चाळण होते. पण समजून घेणे आणि सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘भाऊ आला नाही तेव्हा तुला किती एकटे वाटले असेल’ हे म्हणणे म्हणजे वहिनी दोषी आहे असे मान्य करणे नाही, आणि ताट फेकणे योग्य होते असेही नाही. भावना मान्य करायची, कारण तपासायचे, वागण्याला मर्यादा घालायची. ही तीन कामे वेगळी ठेवणे आपल्याला जमत नाही, कारण आपल्या घरांत एक तर सगळे माफ असते, नाहीतर काहीच माफ नसते.

जबाबदारीचेही तसेच. लिनेहान यांच्या पद्धतीत रुग्णाला एक गोष्ट स्वच्छ सांगितली जाते: तुझे सगळे प्रश्न तू निर्माण केलेले नसशील, पण ते सोडवावे तुलाच लागणार. मला हे वाक्य आपल्या कर्मविपाकापेक्षा फार वरच्या नीतीचे वाटते. कर्मविपाक म्हणतो, भोगतो आहेस त्याअर्थी केलेच असशील. दोष नक्की, इलाज पुढच्या जन्मी. इथे दोषाचा प्रश्न मोकळा सोडून इलाज आजच्या सायंकाळपासून सुरू होतो.

आम्हा विवेकवाद्यांनाही या आजारापासून शिकण्यासारखे आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी दीर्घ परिश्रमाने महाराष्ट्रात रुजवली. घटना थेट दुःख देत नाही, घटनेविषयीचा आपला आग्रही समज दुःख देतो, हे तिचे सूत्र मराठी वाचकाला आता परके नाही. सूत्र बरोबर आहे. पण ते हाती आले की आपण समोरच्याच्या समजावर तुटून पडतो: पुरावा काय, तर्क काय, हा निष्कर्ष निघतोच कसा? बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे नियम वाचून दाखवावेत तसे ते होते. लोंढा जोरात असताना केलेला युक्तिवाद, कितीही शुद्ध असो, त्या माणसाला लहानपणी ऐकलेले ‘तुला काही लागलेलं नाही’ हेच पुन्हा ऐकवतो. म्हणून या उपचारांत क्रम शिकवतात. आधी श्वास, थंड पाणी, थोडा वेळ, शरीर शांत होईल असे काहीही. मग घडले काय आणि मला वाटले काय, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचे. त्यानंतर आणखी कोणती कारणे असू शकतील ते शोधायचे. लंडनचे पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन यांची पद्धत याच्या जवळ जाणारी आहे. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला दिसत नाही, आपण फक्त अंदाज करतो, हे भान भावनेच्या भरात सुटते आणि ते पुन्हा मिळवायला ती शिकवते. या उपचारात डॉक्टरनेही ‘मला माहीत नाही, तुम्हीच सांगा’ असे म्हणायचे असते. गुरू, बुवा, वडीलधारे आणि तज्ज्ञ या चौघांपैकी हे वाक्य कुणाच्या तोंडून आपण शेवटचे कधी ऐकले?

आणि हे उपचार उपयोगी पडतात. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीवर विसंबून आपण कित्येकांना सोडून दिले आहे. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांपैकी ९३ टक्क्यांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या रेषेखाली उतरली. लक्षणे उतरून शिवाय नोकरी-शिक्षण आणि नाती नीट उभी राहणे, या कडक कसोटीवर मात्र निम्मेच उतरले. म्हणजे वादळ बहुतेकांचे शमते आणि मोडलेले घर बांधायला निम्म्यांनाच जमते. त्या उरलेल्या निम्म्यांचे ओझे एकट्या रुग्णावर टाकता येणार नाही. नोकरी देणारे, घर भाड्याने देणारे, नाते ठेवणारे त्यात आले.

आपल्याकडे या साऱ्या वाटेऐवजी एक आडवाट फार लोकप्रिय आहे: लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल. ज्या आजाराचे मर्मस्थानच जवळचे नाते आहे, त्याला औषध म्हणून अनोळखी घर आणि अनोळखी माणूस! आजार लपवून लावलेल्या लग्नात फसवणूक दोघांची होते. एकाला काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक नसते, दुसरीला गोळ्या चोरून घ्याव्या लागतात किंवा बंद कराव्या लागतात. वर्षभराने प्रकरण वकिलाकडे जाते, आणि तिथे पुन्हा ‘कुणामुळे’ची फेरी सुरू होते. मुलीचा बाप म्हणतो, आम्हाला वाटले संसारात रमेल. ठीक आहे, पण हे वाटणे त्याने कोणत्या डॉक्टरला विचारून पाहिले होते?

कायद्याने काही दारे उघडली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, दिवसरात्र, पैसे न देता बोलता येते. पण वर सांगितलेले शिस्तशीर, आठवड्याला एक-दोन बैठका वर्षभर चालणारे उपचार पुण्या-मुंबईत खासगीत, ज्याला परवडतील त्याला मिळतात. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला मिळते ती झोपेची गोळी, किंवा गुरुजींचा पत्ता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर या पद्धती शिकलेले समुपदेशक हवेत, मराठीतून काम करणारे हवेत, आणि ते कंत्राटी पदांवर सहा-सहा महिने लटकलेले नसावेत. आमदाराकडे समाजमंदिर मागायला जाणाऱ्या शिष्टमंडळांनी हेही एकदा मागून पाहावे.